आंधळ्या शुक्राचे दिवस

त्या वर्षांत वऱ्हाडातली सगळी माणसं खाली बघून चालायची. खाली म्हणजे जमिनीकडे, कापसाकडे. सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि इंग्रजाला आता वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली होती. अमेरिका कुठे आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथली लढाई आणखी दोन-चार वर्षं टिकावी असं मात्र सगळ्यांनाच मनापासून वाटायचं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. एका पाटलानं म्हणे गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली. पाहिलेला माणूस काही भेटत नाही, पण सांगणारे पुष्कळ.

अशा दिवसांत भातकुलीजवळच्या एका गावात खुशालराव तेवढे वर बघून चालायचे. धिप्पाड माणूस, बरंसं शेत, दावणीला चार बैल, आणि कापूस त्यांच्याही वावरात इतरांसारखाच फुटलेला. पण दिवस मावळला की अंगणात बाज टाकायची आणि आभाळाकडे तोंड करून बसायचं, हा त्यांचा नेम. उठून चालू लागले तरी नजर वरच. मग ठेच लागायची, अंगठा फुटायचा. त्यांची विधवा बहीण पार्वताबाई घर सांभाळायची, ती अंगठ्यावर हळद दाबता दाबता कुरकुरायची, "खाली पाहून चालत जा ना रे बाप्पा. वर काय आपल्या बापाचं वावर हाय?"

हे वेड त्यांना लागलं ते मुलीपायी. माणिक अंगावर पीत होती तेव्हाच तिची माय तापानं गेली. संध्याकाळ झाली की पोरीला रडू फुटायचं आणि काही केल्या थांबायचं नाही. खुशालराव तिला खांद्यावर टाकून अंगणात यायचे आणि एकेक चांदणी दाखवायचे. ती उत्तरेकडची चार चांदण्यांची म्हातारीची बाज, आणि मागं लागलेले तीन चोर. ते तिकांडं, मृगातला तीन चांदण्यांचा बाण. तो विंचू, त्याची नांगी बघ. तो कृत्तिकांचा घोस. भादव्यात पहाटे उठवून बांधावर न्यायचे आणि दक्षिणेला जमिनीलगत लुकलुकणारा अगस्ती दाखवायचे. "हा वर आला का नदीचं पाणी निवळते," म्हणायचे. पोरीचं रडणं कधीच थांबलं, पण बापलेकीची अंगणातली बैठक काही थांबली नाही. दोन-चार वर्षांतच माणिकची नजर बापापेक्षा तेज झाली. म्हातारीच्या बाजेमागच्या मधल्या चोराला चिकटलेली बारीकशी अरुंधती खुशालरावांना डोळे चोळून दिसायची, तिला उभ्या उभ्या दिसायची.

त्या अरुंधतीवरूनच तिच्या लग्नात हसू झालं होतं. लग्न त्या काळाच्या रीतीप्रमाणे लहानपणीच लागलं. नवरा नत्थू, अकोल्याच्या पलीकडे बाळापूरच्या वाटेवरच्या गावचा, बाशिंगाखाली झोपेला आलेलं पोर. नवरानवरीला अरुंधती दाखवायची असते, म्हणून उद्धवभट जोशांनी बोट वर केलं आणि विचारलं, "दिसली का?" नत्थू वर न बघताच म्हणाला, "दिसली." त्यावर मुंडावळ्या बाजूला सारून माणिक मोठ्यानं बोलली, "थो तं खाली पाहून राहिला!" अख्खा मांडव हसला. सगळ्यांत जास्त हसले खुशालराव. लग्न लागलं तरी मुलगी आणखी बरीच वर्षं आपल्याच अंगणात राहणार होती, मोठी झाल्यावर पाठवणी व्हायची होती. हसायला त्यांचं काय जात होतं?

पण वर्षं काही कुणासाठी थांबत नाहीत. शके सतराशे शहाऐंशीच्या दिवाळीत नत्थू आपल्या काकाला घेऊन बायकोला न्यायला आला. आता तो खांद्यानं रुंद झाला होता, स्वतःची बैलजोडी हाकत होता, अमरावतीहून कापूस भरून खामगावच्या बाजारापर्यंत नेत होता. माणिकनं लुगडी घड्या घालून गाठोड्यात बांधली होती. गोधडी तर तिनं पावसाळ्यातच शिवून ठेवली होती. खुशालराव ते सगळं बघत होते. ही पोर गेली की संध्याकाळी आपण कुणाला काय दाखवणार, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. सगळ्याच बापांना असं वाटतं. पण बाकीचे बाप तो विचार गिळून कामाला लागतात. यांना गिळता येईना.

मुहूर्त विचारायला सगळे उद्धवभटांच्या ओट्यावर जमले. भटजींनी पंचांग उघडलं, पश्चिमेकडे एकदा नजर टाकली आणि मान हलवली. दिवस नुकताच मावळत होता आणि तिकडे झाडांच्या शेंड्यांवर शुक्राची चांदणी टपोरी होऊन निघाली होती.

"अडचण आहे," ते म्हणाले. "मुलीचं सासर पश्चिमेला, आणि शुक्रही पश्चिमेला. नव्या नवरीनं समोर शुक्र ठेवून सासरी जाऊ नये. वैशाखात तो मावळेल, मग पहाटे पूर्वेला उगवेल. म्हणजे जाताना पाठीशी येईल. तेव्हा न्या."

नत्थूचं तोंड उतरलं. काका जुना माणूस, तो लगेच "बराबर हाय, बराबर हाय" करत उठला. दोघं बैल जुंपायला बाहेर गेले तेव्हा भटजींनी आवाज खाली आणला. "एक सोय असते हं, खुशालराव. दर महिन्यात चंद्र रेवतीपासून कृत्तिकेपर्यंत असतो ना, त्या तीन-चार दिवसांत शुक्र आंधळा असतो. त्याला समोरून जाणारं दिसत नाही. त्या दिवसांत मुलगी पाठवली तर दोष नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास तसे दिवस येतायत. पाहुण्यांना सांगू का?"

खुशालरावांनी दाराबाहेर पाहिलं. नत्थू बैलाच्या मानेवर जू ठेवत होता आणि गाडीत पाठीला टेकायला आणलेली नवी कोरी गादी तशीच रिकामी होती.

"राहू द्या महाराज," ते म्हणाले. "वेचणीचे दिवस हायेत. एक महिना जाऊ द्या."

भटजींनी पंचांग मिटलं. मुलीच्या बापाची मर्जी, त्यांनी कशाला जास्त बोलावं? खुशालराव खोटं काहीच बोलले नव्हते. वेचणीला खरंच माणसं मिळत नव्हती. नुसते गप्प बसले होते ते. पण घरी येऊन त्यांनी माणिकला भटजींचं पहिलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि दुसरं पोटात ठेवलं. तिनं गाठोडं सोडलं आणि लुगडी पुन्हा दांडीवर टाकली.

तेव्हापासून माणिकनं शुक्राशी वैर धरलं. संध्याकाळी वावरातून परतताना बांधावरच्या बाभळीखाली थांबायची, हात लांब करायची आणि चांदणी जमिनीपासून किती वर आहे ते वितीनं मोजायची. तिला वाटायचं, रोज थोडी थोडी खाली यावी. ती रोज थोडी थोडी वर चढत होती. मार्गशीर्षात चढली, पौषात आणखी चढली. पौषात तर बाभळीच्या शेंड्यावरून सरळ आभाळातच जाऊन बसली आणि दिवस मावळायच्या आधीच दिसायला लागली.

"बाबा, हा तं वरच चढून राहिला. खाली कवा येईन?"

"येईन वं माय. वैशाखात येईन."

असं म्हणताना खुशालरावांची जीभ जड व्हायची. पोरीच्या डोळ्यांत त्यांना तिची माय दिसायची. तीही अशीच माहेरच्या वाटेकडे बघत बसायची, आणि हिला सासरच्या वाटेकडे बघायचं आहे, एवढाच काय तो फरक.

सडकेवरून कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. खुशालरावांचं एक वावर त्या सडकेला लागून होतं. पौषातल्या एका दुपारी तिथं वेचणी चालली असताना गाड्यांच्या रांगेतून नत्थूची गाडी आली. सासुरवाडीत बोलावल्याशिवाय जायचं नाही, पण सडक काही सासऱ्याची नसते. तो बैलांना पाणी दाखवायच्या मिषानं उतरला. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. खुशालराव कापसाच्या ढिगामागं बसले होते. ते कुणाला दिसत नव्हते, त्यांना मात्र सगळं ऐकू येत होतं.

"किती वर हाय आता?" नत्थूनं बैलाला विचारल्यासारखं विचारलं.

"तीन वीत," माणिक पाठ फिरवूनच म्हणाली.

"मी तं रोज त्याच्याकडेच तोंड करून गाडी हाकतो. मले काई करत नाई थो."

"तुमी कापूस नेता. कापसाले कोण अडवते?"

नत्थू हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "मावळला का येतो. घरी माय रोज इचारते."

"तुमाले अरुंधती दिसली का अजून?"

"नाई. तू येशीन तवा दाखवजो."

एवढंच बोलणं. गाडी निघून गेली. माणिक वेचायला वाकली, पण तिचे हात काही चालत नव्हते, हे खुशालरावांनी ढिगामागून पाहिलं. आज सांगायचंच, असं ठरवून ते घरी आले. जेवायला बसले. भाकरीचा तुकडा हातात राहिला आणि तोंडातून शब्द फुटला तो असा: "चटणी तिखट झाली." आजचा दिवस गेला की मग बघू, असं म्हणत म्हणत माणूस किती दिवस घालवू शकतो, याला काही सुमार नाही.

खोटं बोलताना अडखळणारा माणूस होता तो. म्हणूनच आणखी एक गोष्ट होऊ लागली. दर महिन्यात चंद्र फिरत फिरत रेवतीच्या पुढे सरकला, की खुशालराव अंगणात बसेनात. त्या चंद्राखाली पोरीशेजारी बसायचं त्यांना धाडस होईना. "गुडघे दुखून राहिले," म्हणायचे आणि आत कांबळं पांघरून पडायचे. पार्वताबाई बिचारी एरंडाचं पान गरम करून बांधायची. चंद्र कृत्तिका ओलांडून पुढे गेला की गुडघे बरे. कार्तिकात तो तिथं आला तेव्हा पुरा वाटोळा होता, पौषात अर्ध्याहून थोडा जास्त, माघात अर्धा, फाल्गुनात भाकरीच्या चतकोराएवढा. दर खेपेला लहान होऊन यायचा, आणि खुशालराव दर खेपेला भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, आता पुढच्या महिन्यात.

ज्या पोरीला आपण आभाळ वाचायला शिकवलं, ती पोर आपल्यालाही वाचील, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आभाळ बघणाऱ्याची ही चूक नेहमीची. वरचं सगळं दिसतं त्याला.

चैत्राचा पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला खुशालराव आत पडले होते. दाराशी माणिक येऊन उभी राहिली.

"बाबा, गुडघे दुखून राहिले का?"

"हो ना. थंडीनं धरले."

बाहेर चैत्राचं ऊन दिवसभर धगधगून आत्ता कुठे उतरलं होतं. माणिक हसली नाही.

"चंद्र तिकडे गेला का तुमचे गुडघे दुखतेत," ती म्हणाली. "थंडीत पाह्यलं, होळीत पाह्यलं. मले वाटलं, चंद्राचाच काई दोष असंन. आज भटजीच्या घरी शिधा द्याले गेली तं इचारलं म्या, चंद्र तठी गेला का काय होते म्हून. थे म्हणाले, शुक्र आंधळा होते."

खुशालराव उठून बसले. गुडघ्यावरचं पान घसरून खाली पडलं.

"थे म्हणाले, दिवाळीतच सांगतलं होतं तुह्या बापाले."

"मले वाटलं, एक महिना," खुशालराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "मंग वाटलं, अजून एक. तू गेल्यावर मी अंगणात काहून बसू, सांग. तुही माय गेली तवापासून मी कोणासंग बोललो हाय?"

माणिक रागवली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली आणि हळू म्हणाली, "मले सांगाचं होतं ना बाबा. मी आपल्या मनानं राहिली असती अजून एक महिना."

हे वाक्य खुशालरावांच्या जिवाला जे लागलं, ते पुढे कितीतरी दिवस लागतच राहिलं. मागितलं असतं तर मिळालं असतं, ते त्यांनी लपवून ठेवलं होतं. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि तसेच सडकेकडे निघाले. गाडीवाल्यांचा मुक्काम सडकेच्या विहिरीपाशी पडायचा, आणि नत्थूची गाडी त्या दिवशी तिथं होती. जावयाच्या समोर उभं राहून खुशालराव एवढंच म्हणाले, "जवाईबापू, उद्या शुक्र आंधळा हाय. लेकीले घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना त्यांनी स्वतः गाडी जुंपून माणिकला सडकेपर्यंत आणलं. पार्वताबाई रडत होती, बायका ओटी भरत होत्या, बैल माशा उडवत उभे होते. पश्चिमेला शुक्र लखलखत होता आणि त्याच्या अगदी अंगाशी चंद्राची बारीक कोर. माणिक नत्थूच्या गाडीत बसली आणि मान वर करून सरळ त्या चांदणीकडे बघू लागली.

"खाली पाह्य वं," पार्वताबाई घाबरून ओरडली.

"थो आंधळा हाय, आत्या. मी थोडीच हावो?"

गाडी चालू लागली. बापाकडे मात्र तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरून आली असती, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. कापसाच्या गाठोड्यांमागं तिचं लाल लुगडं दिसेनासं झालं, तरी खुशालराव सडकेवर उभेच होते.

वैशाखात ठरल्याप्रमाणे शुक्र मावळला. आठवडाभरानं एका पहाटे खुशालराव परसाकडे निघाले, तर तो पूर्वेला, भला मोठा होऊन उभा. त्यांनी सवयीनं वळून हाक मारली, "माणिक, पाह्य वं!" आणि मग भानावर आले. थोडा वेळ ते तिथंच टमरेल घेऊन उभे राहिले. शुक्र पूर्वेला आला म्हणजे सासरी जाणारीच्या पाठीशी आला. पण माहेरी येणारीचं तोंड पूर्वेकडे. तिच्या तर तो आता समोर आला होता.

आषाढात गाडीवाल्यांकडून निरोप आला, माणिकला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरचं. खुशालरावांनी दिवाळीला पाठवा म्हणून सांगावा धाडला. उलट निरोप आला: शुक्र समोर हाय, वाट पोटुशीची, कसं पाठवाव? खुशालराव त्या गाडीवाल्यासमोर मोठ्यानं हसले. त्याला वाटलं, म्हातारा बिघडला. त्यांनी पुन्हा सांगावा धाडला, शुक्र आंधळा असंन त्या दिवसात आणा, जवाईबापूले ठाऊक हाय. आणि ते दिवस आले तेव्हा तिन्ही संध्याकाळी सडकेच्या विहिरीवर जाऊन बसले. पश्चिमेकडून धूळ उठली की उभे राहायचे. गाडी जवळ यायची, दुसऱ्याच कुणाची निघायची. पुढच्या महिन्यातही तसेच बसले. मग एक ओळखीचा गाडीवाला भेटला. त्यानं बैल थांबवले आणि मान खाली घालून नत्थूच्या मायचा निरोप सांगितला.

"ईहीणबाई म्हणे, एक महिना जाऊ द्या. लय जीव हाय तिचा सुनेवर. म्हणे, थे गेली तं घर खायले उठते."

आपलेच शब्द, अगदी जसेच्या तसे, तीन-चार दिवसांची वाट चालून परत आले होते. खुशालरावांना राग यायला हवा होता. पण रागवायचं कुणावर? ती बाई त्यांच्यासारखीच तर होती. आपल्या लेकीवर दुसऱ्याही घरी कुणी असा जीव टाकतं, याचं त्यांना बरंही वाटलं.

तुम्ही म्हणाल, उठून जायचं होतं. पुरुषमाणसाला कसला आलाय शुक्र? पण नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत होती. ती न मोडताही जाता आलं असतं. पाण्याचा चंबू गाडीत बांधून नेता आला असता. एकदा त्यांनी बैल जुंपलेही. मग त्यांना दिवाळीत रिकामी गादी घेऊन परतणारा नत्थू आठवला. लेक आणायला जायचं आणि रिकामी गाडी हाकत यायचं, ते त्यांच्यानं झालं नसतं. त्यांनी बैल सोडले.

अमेरिकेतली लढाई तर उन्हाळ्यातच संपली होती. कापसाला कुणी विचारेना. चांदीच्या शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरून गपचूप सोनाराकडे गेल्या, आणि सडकेवरची गाड्यांची रांग विरळ होत होत एकेका गाडीवर आली. पश्चिमेकडून आगगाडीचे रूळ सरकत येत होते म्हणे. गाव कापसासाठी हळहळत होतं. खुशालराव गाडीवाल्यांसाठी हळहळत होते, कारण गाडीवाले गेले तसे निरोपही गेले. पौषात शुक्र बुडाला. बुडालेल्या शुक्रात तर कुठलंच शुभकार्य नाही, आणि आंधळेपणाची सोयही नाही. खुशालराव संध्याकाळी अंगणात बसेनासे झाले. रस्त्याकडे बघत चालायचे. पार्वताबाईच्या लक्षात आलं, की भावाच्या अंगठ्याला आता ठेच लागत नाही, हळद लागत नाही. ठेच लागायची तेव्हाच बरं होतं, असं तिला वाटू लागलं.

फाल्गुनात अमरावतीच्या बाजारात नत्थूचा काका भेटला. मुलगी झाली, म्हणाला. दोघी सुखरूप. अखाजीले घेऊन येतो. खुशालराव तिथंच, भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी मटकन बसले. मिरच्यांनी डोळ्यांत पाणी आलं असं त्यांनी काकाला सांगितलं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. माणिक आली ती कडेवर लेक घेऊन. अंगानं भरली होती, बोलणं सासरच्या वळणाचं झालं होतं. बापाला पाहिल्यावर तिनं आधी पोर त्यांच्या हातात दिलं आणि मग पदरात तोंड घालून रडली. त्या दिवशी आंबरसाची जेवणं झाली. संध्याकाळी अंगणात बाज पडली, पुष्कळ दिवसांनी. खुशालराव, नत्थू, मांडीवर पोर घेतलेली माणिक, आणि उंबऱ्याशी पार्वताबाई.

"मामाजी, अरुंधती दिसली बरं मले," नत्थू म्हणाला. "हिनं दाखवली. लय बारीक हाय."

सगळे हसले. मग बोलणं थांबलं, कारण पश्चिमेला उजेड ओसरला होता आणि झाडांच्या शेंड्यांवर ती चांदणी निघाली होती. शुक्र बुडून परत आला होता, पश्चिमेला. वर कृत्तिकांच्या घोसाशी चंद्राची कोर लागली होती. नत्थूला सकाळी परतायचं होतं, पेरणीआधीची कामं पडली होती. खुशालरावांनी एक नजर टाकली आणि त्यांना सगळं कळलं. आता नुसतं गप्प बसायचं. परवापासून शुक्राला दिसू लागेल. मग ओटीत पोर असलेल्या बाईनं समोर शुक्र घेऊन जायचं नाही, असं कुणीही जोशी सांगेल, आणि तो आता मार्गशीर्षापर्यंत पश्चिमेलाच राहणार. लेक आणि नात, पावसाळाभर, दिवाळीभर, याच अंगणात. कुणी बोट दाखवणार नव्हतं. त्यांच्या जिवाला जे वर्षभर हवं होतं, ते असं न मागता समोर येऊन बसलं होतं.

नातीनं मुठीत त्यांचं बोट धरलं होतं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.

"माणिक," ते म्हणाले, "चंद्र कृत्तिकेत हाय. उद्याच्या दिवस शुक्र आंधळा. परवापासून त्याले दिसाले लागन. तुले जवाईबापूसंग जाचं असंन तं उद्याच जा. सकाळी मी सोता गाडी जुपून देतो." जरा थांबून म्हणाले, "अन् राहाव वाटलं तं राहा. मी काई म्हणत नाई. मी फक्त सांगून राहिलो."

नत्थू बायकोकडे बघत होता. माणिक बराच वेळ पश्चिमेकडे बघत राहिली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो काय समजायचं ते समजला असावा, कारण त्यानं मान हलवली. तिनं पोर खांद्यावर टाकलं, पाय लांब केले आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

"मले माहीत हाय, बाबा," ती म्हणाली. "पण काय करू? माये गुडघे लय दुखून राहिले."

पार्वताबाईला यातलं कधीच काही कळलं नव्हतं. ती धडपडत उठली. "या वयात गुडघे? थांब वं माय, एरंडाचं पान हाय घरात," म्हणत आत गेली, पान चुलीवर शेकून आणलं आणि माणिकच्या धडधाकट गुडघ्याला घट्ट बांधलं. नत्थू तोंडाला पागोट्याचं टोक लावून हसत होता. खुशालराव हसले नाहीत. ते आभाळाकडे तोंड करून बसले, पहिल्यासारखे, मान अगदी मागं टाकून. तसं बसलं की डोळ्यांतलं पाणी खाली पडत नाही.